वरीलप्रमाणे

डिझेलची मोटार सकाळी सुरू झाली नाही तर तुम्ही दोघे काय कराल ते मला ठाऊक आहे. फोन काढाल, कोणाला तरी बोलवाल आणि तो येईपर्यंत कॉफी प्याल. भोपाळचे आमचे शेजारी आधी चष्मा पुसत. मग घड्याळ बघत. मग घराकडे वळून पत्नीला म्हणत, "रजिस्टर." बॉनेट उघडायला त्यानंतरही वीस मिनिटे लागत, कारण तारीख, वेळ आणि तक्रार लिहिल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही असा नियम होता. तो त्यांनी स्वतःच केलेला असल्यामुळे सवलत मागायला वर कोणी साहेबही नव्हता.

तुमच्या आईने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितले, शेजारच्या काकांबद्दल मुलांसाठी काहीतरी लिहून ठेव, तू सगळे नीट लिहितेस. मी सगळे नीट लिहिते हे खरे आहे. आमच्याकडे मसाल्याच्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या असत आणि वाण्याची यादीसुद्धा मी क्रमांक घालून करत असे. काकांची आणि माझी गोष्ट त्या नीटपणाचीच आहे, आणि तिच्यातला एक भाग तुमच्या आईलाही माहीत नाही.

कारखान्याच्या वसाहतीत आमची आणि त्यांची क्वार्टर्स एका भिंतीची होती. आम्ही पुण्याहून आलेलो, ते नागपूरचे. ते तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूवर शंका घ्यायची, शंका फिटली की सही करायची, आणि एकदा सही केली की त्या वस्तूबद्दल पुन्हा बोलायचे नाही, असे ते काम. वीस वर्षे ते केल्यावर माणसाला ते संध्याकाळी फाटकावर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याच्या गाडीशी ते कोथिंबिरीची जुडी उलगडून देठ बघत आणि विचारत, "ही बाब कोणी तपासली?" भाजीवाला गोंधळून म्हणे, "अम्मा ने धोई है साब." त्यावर ते समाधानाने मान हलवत. तपासणाऱ्याचे नाव मिळाले होते.

'बाब' हा त्यांचा शब्द. पत्नीचा ताप ही बाब, नळाला पाणी नसणे ही बाब, मुलीचे लग्न ठरत नाही हीसुद्धा बाब, आणि प्रत्येक बाबीला क्रमांक. कॉलनीतली मुले त्यांना पाठीमागे बाबकाका म्हणत. तुमची आईही त्यांतलीच. मी तिला दटावत असे, आणि तुमच्या आजोबांशी बोलताना मीही बाबकाकाच म्हणत असे.

गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती, फिकट हिरवी, मुद्दाम डिझेलवरची. पहिल्याच भेटीत, मी दिलेला चहा हातात गार करत, त्यांनी मला त्याचे कारण सांगितले. "पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते वहिनी, आणि ठिणगी म्हणजे नशिबाचा खेळ. डिझेलमध्ये नशीब नाही. हवा आहे, दाब आहे, डिझेल पोचलं की गाडीला सुरू व्हावंच लागतं. नाही झाली तर पुरवठा तुटला आहे. कुठे तुटला, एवढंच शोधायचं."

ते शोधायचे कसे, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले होते. टाकीपासून निघायचे आणि इंजिनाकडे जायचे. बाब एक, टाकीत डिझेल आहे का. बाब दोन, टाकीतून येणारी नळी. मग डिझेल ओढायचा छोटा हातपंप, मग फिल्टर आणि त्यात साचलेले पाणी, मग नळीत शिरलेली हवा, मग मोठा पंप, आणि सगळ्यांत शेवटी नोजल. उलटे जायचे नाही. मधली बाब गाळायची नाही. आणि सही झालेली बाब पुन्हा उघडायची नाही. हा शेवटचा नियम त्यांनी कारखान्यातून आणला होता आणि त्यांचा सर्वांत जास्त जीव त्याच्यावर होता. "सही झालेल्या बाबीवर शंका घेणं म्हणजे सही करणाऱ्यावर शंका घेणं," ते म्हणत. "मग सहीला अर्थ काय राहिला?"

प्रत्येक बाबीला दोन सह्या लागत. एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची. काकूंनी पहिल्याच वर्षी साक्षीदार व्हायला नकार दिला होता. "लग्नात यांच्या नावासमोर एकदा सही केली," त्या मला म्हणाल्या, "तेवढी पुरे झाली जी." मग माझी नेमणूक झाली. माझे शिक्षण इंग्रजीतून झाले होते आणि माझे अक्षर चांगले होते. डिझेल इंजिनासाठी एवढी पात्रता त्यांना पुरेशी वाटली.

माझे काम गाडीच्या मागे उभे राहून धूर बघण्याचे. ते आत बसून सेल्फ मारत, मनात दहा आकडे मोजून थांबत, आणि खिडकीतून डोके काढून विचारत, "धूर?" पहिल्या दिवशी मी सांगितले की पहाटेच्या धुक्यासारखा फिकट राखाडी काहीतरी दिसला. ते खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "निरीक्षण हवं वहिनी, वर्णन नको. धूर आहे, का नाही?" पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचते पण जळत नाही. धूर नाही म्हणजे पोचतच नाही. अख्ख्या कॉलेजात मला इतके स्वच्छ कोणी काही शिकवले नव्हते, हे मला मान्य करावे लागते.

त्यांची दुसरी गरज म्हणजे माझ्या जॅमच्या रिकाम्या बरण्या. प्रत्येक वेळी डिझेल भरले की त्यातले थोडे ते बरणीत घेत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत, खाली पाणी बसते का बघायला. दोन दिवस बरणी हलवायची नाही. त्या खिडकीत दहा-बारा सोनेरी बरण्या ओळीने उभ्या असत आणि नवे पाहुणे मधाचा भाव विचारत. काकू म्हणत, "आमच्या देवाजवळचं तेल संपते, खिडकीतलं कधी संपत नाही." दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची एक पारदर्शक नळीही त्यांच्याकडे होती. ती फिल्टरच्या स्क्रूला लावून दुसरे टोक बरणीत सोडत आणि हातपंप मारत. नळीतून बुडबुडे येत राहिले तर पुरवठ्यात हवा आहे. बुडबुडे थांबून सरळ धार आली की झाले. ती धार बघताना त्यांचा चेहरा आरतीच्या वेळी होतो तसा होई. खऱ्या आरतीला मात्र तो तसा होत नसे, असे काकूंचे निरीक्षण होते.

तुमची आई नववीत गणितात नापास झाली तेव्हा आम्ही शिकवणी शोधत होतो. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "टाकीत आहे. गाळणीही ठीक दिसते. मधे हवा धरली आहे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला रोज संध्याकाळी पाचवीच्या पुस्तकापासून बसवले. पाचवीचे, सहावीचे, एकेक उदाहरण, घाई नाही. सातवीच्या अपूर्णांकांशी ती अडली. "सापडली," काका म्हणाले, आणि पंधरा दिवस अपूर्णांकांपाशीच थांबले. त्यानंतर तिला गणितात कधी कमी पडले नाही. म्हणूनच पुढे बाहेरच्या देशात शिकायला जाण्याच्या शिष्यवृत्तीसाठी तिला मुलाखतीचे पत्र आले, तेव्हा महाराणा प्रताप नगरातल्या त्या कार्यालयात तिला आपल्याच गाडीतून सोडायचे, हे काकांनी आम्हाला न विचारता ठरवून टाकले. मुलाखत सोमवारी अकरा वाजता होती. वेळेवर हजर नसलेल्या उमेदवाराचा विचार होणार नाही, असे पत्रात ठळक अक्षरात लिहिले होते.

त्याच्या आधीचे दहा दिवस काका कारखान्याच्या कामासाठी दौऱ्यावर होते. जाताना त्यांनी आजोबांना गाडीची किल्ली दिली, लागली तर वापरा म्हणून, आणि मला रजिस्टर दिले. दर शनिवारी टाकीत वेताची छडी घालून डिझेलची पातळी बघायची आणि लिहायची, ही बाब एक. छडीवर त्यांनी सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या होत्या. डॅशबोर्डवर काटा होता, पण तो कित्येक वर्षे अर्ध्यावर अडकलेला होता आणि काका त्याला निवृत्त कर्मचारी म्हणत.

इथे मला वसाहतीतला एक शब्द समजावून सांगायला हवा. पाण्याची टाकी धुतल्याची नोंद, डास मारायच्या फवारणीची नोंद, दवाखान्याच्या फ्रिजच्या तापमानाची नोंद, अशा अनेक वह्या तिथे दोरीने टांगलेल्या असत. पहिल्या ओळीत कोणी एकाने काहीतरी आकडा लिहिलेला असे. त्याखाली पानभर 'वरीलप्रमाणे'. त्या फ्रिजचे तापमान तीन महिने वरीलप्रमाणे होते, त्यांतले दोन आठवडे फ्रिज दुरुस्तीला गेलेला असूनही. मी या शब्दाची फार चेष्टा करत असे. महिला मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यावर मी एक छोटे भाषणही केले होते, आणि ते लोकांना आवडले होते.

तो शनिवार संक्रांतीनंतरचा होता. माझ्याकडे हळदीकुंकू होते. मी रेशमी साडी नेसले होते, तिळगुळाची ताटे मांडून झाली होती, आणि पाच वाजता मला बाब एकची आठवण झाली. गाडीच्या टाकीचे झाकण उघडायचे, छडी घालायची, मग हाताला दिवसभर जाणार नाही असा वास. बायका यायला लागल्या होत्या. मी रजिस्टर उघडले. मागच्या शनिवारी मीच लिहिले होते, साडेअकरा सेंटिमीटर. खालच्या ओळीत मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले, वरीलप्रमाणे, आणि सही केली.

त्या आठवड्यात तुमचे आजोबा मावसभावाच्या कामासाठी त्या गाडीने दोनदा मंडीदीपला जाऊन आले होते. शुक्रवारी परत येताना फाटकाशी गाडीने दोन आचके दिले, ते त्यांनी थंडीवर ढकलले. त्यांनी फेऱ्या लिहिल्या नाहीत, मी छडी घातली नाही. आम्ही दोघेही पदवीधर होतो.

सोमवारी साडेसातला काका तयार होते. आजोबा सकाळच्या पाळीला स्कूटरवर गेले होते. तुमच्या आईने पांढरा सलवार-कुर्ता घातला होता आणि ती ओसरीवर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. काकांनी सेल्फ मारला. दहा आकडे. "धूर?" मी म्हटले, नाही. पुन्हा दहा आकडे. नाही.

"पुरवठा," काका म्हणाले, जवळजवळ आनंदाने, आणि काकूंना रजिस्टर मागितले. त्यांनी पान उघडले, बाब एकवरून बोट फिरवले, माझी सही पाहिली, आणि बोट बाब दोनवर नेले.

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मला आठवलेही होते. पण मला वाटले, साडेअकरा नसेल, नऊ असेल, आठ असेल. टाकीत काहीच नसेल असे सुशिक्षित माणसाच्या डोक्यात येत नाही, विशेषतः त्याने तसे लिहून दिलेले असल्यावर.

काकांनी टाकीकडून येणाऱ्या नळीचे जोड तपासले. मी साक्षीदार म्हणून सही केली. हातपंप उघडून पाहिला. सही. फिल्टर काढून धुतला, त्यात पाणी नव्हते. सही. साडेआठची कॉलनीची बस गेली. मग सलाइनची नळी लागली, दुसरे टोक माझ्या बरणीत, आणि काका हातपंप मारू लागले. बुडबुडे आले. आणखी बुडबुडे आले. नुसता फेस. काका हरखले. "बघा. हवा ओढते आहे. टाकी आणि पंपाच्या मधे कुठेतरी जोड सैल आहे." त्यांनी सगळे वायसर बदलले आणि पुन्हा पंप मारला. फेस. जोडांना साबण लावून पाहिला. फेस. नऊ वाजून गेले, साडेनऊ वाजले. तुमची आई ओसरीवरून घड्याळ बघत होती. ज्यांनी तिला अपूर्णांक शिकवले त्यांना घाई करा म्हणणे तिला जमत नव्हते, पण तिच्या हातातल्या फाईलचा कोपरा दुमडून दुमडून फाटला होता.

शेवटी काकूच बाहेर आल्या. "अहो, काहून त्या पोरीचं नुकसान करून राहिले? गाडी मरू द्या, तिला जाऊ द्या."

"हवा सापडत आली आहे."

"हवा सापडेल, मुलाखत सापडणार नाही," काकू म्हणाल्या, आणि पायात चपला घालून स्वतः चौकातून एक टेम्पो घेऊन आल्या. त्या काळ्या, डुकरासारख्या तोंडाच्या, धूर ओकणाऱ्या टेम्पोंना सगळे भोपाळ भटसूअर म्हणत असे. कॉलनीतल्या मुली त्यांत बसायला लाजत. तुमची आई उडी मारून बसली.

टेम्पोवाला मात्र लगेच निघाला नाही. एक गाडी बंद पडली आहे आणि आपण तिला पाहिले नाही, हे त्याला सहन होईना. तो खाली उतरला, बरणीतला फेस पाहिला आणि काकांना म्हणाला, "को खाँ, क्या हो रिया है? इसमें तेल तो हेगा?"

काकांनी त्याला त्यांच्या हिंदीत, बरीचशी मराठी मिसळून, समजावले की ती बाब एक आहे, ती शनिवारी तपासली गेली आहे आणि तिच्यावर सही आहे. टेम्पोवाल्याने आदराने ऐकून घेतले. मग तो गाडीच्या मागे गेला, खाली वाकला आणि बोटाच्या पेराने टाकीवर दोनदा टकटक केले.

रिकाम्या पिंपाचा असतो तसा आवाज आला. स्वच्छ. ओसरीवरच्या काकूंपर्यंत गेला.

"चचा," तो म्हणाला, "ये तो सूखी पड़ी है."

आणि तो टेम्पोत चढला आणि तुमच्या आईला घेऊन गेला. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

काका त्या टाकीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी रजिस्टर उचलले आणि पान पाहिले. मी वाट बघत होते की ते आता माझ्याकडे बघतील. त्यांनी माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहिले. मेंदीच्या कुंपणाकडे, बरणीकडे, स्वतःच्या काळ्या हातांकडे. रजिस्टर मिटून ते म्हणाले, "टाकीला गळती असावी."

मी म्हटले, "असेल."

तुमची आई पोचली तेव्हा अकराला तीन मिनिटे होती, तिच्या पांढऱ्या बाहीवर काजळीचा पट्टा होता, आणि समिती चहाला गेली होती. पुढचे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दोघे जिथे जन्मलात तिथे ती त्या मुलाखतीमुळे गेली.

इकडे काका आठवडाभर रोज संध्याकाळी गाडीखाली झोपून गळती शोधत होते. लोक फिरायला जाताना थांबत. ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये पोचली होती. तपासणी विभागाच्या साहेबांनी रिकाम्या टाकीचा तीन तास तपास केला. त्यानंतर कित्येक महिने कोणत्याही बैठकीत काकांनी एखाद्या वस्तूवर शंका घेतली की मागून कोणीतरी म्हणे, "साहब, बाब एक देख ली?" आणि सगळे हसत. आजोबा हे घरी येऊन सांगत. ज्या माणसाची सही अख्ख्या कारखान्यात अंतिम मानत, त्याच्या सहीवर लोक हसत होते, आणि ती सही त्याची नव्हती. मी आजोबांना काही बोलले नाही. एकदा तर मीही हसले.

एका संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन म्हटले, "भाऊजी, त्या शनिवारी मी..." ते गाडीखालून म्हणाले, "वहिनी, जरा तो चौदाचा पाना द्या." मी दिला. त्यांनी तो बराच वेळ नुसता हातात धरला होता, कारण खाली चौदाचा एकही नट नव्हता. ते मला गाडी विकली त्या दिवशी, घेणाऱ्याच्या मेकॅनिककडून कळले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते नागपूरला गेले. जाण्याच्या दिवशी त्यांनी रजिस्टर मला आणून दिले. "तुमच्याकडे राहू दे. तुम्ही नीटनेटक्या आहात." यात टोमणा होता का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधले. नव्हता. त्या माणसाला टोमणा मारताच येत नसे, त्यालाही दोन सह्या लागल्या असत्या.

त्याच दुपारी मी ते चाळले. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. प्रत्येक बिघाडाच्या शेवटी 'मूळ कारण' असा रकाना, आणि प्रत्येक रकाना भरलेला. फिल्टर तुंबला. वायसर झिजला. डिझेलमध्ये पाणी. एका ठिकाणी लिहिले होते, तपासणाऱ्याने घाई केली, आणि खाली त्यांची स्वतःची सही. त्या सोमवारचे पान मी शेवटी उघडले. वेळा होत्या, बाबी होत्या, माझ्या सह्या होत्या. वरच्या कोपऱ्यात, शनिवारच्या तारखेसमोर, माझ्या सुंदर अक्षरात 'वरीलप्रमाणे'. त्याच्यावर खूण नव्हती, रेघ नव्हती. आणि 'मूळ कारण' हा रकाना कोरा होता. अकरा वर्षांत एवढा एकच.

काकांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. काकूही गेल्या. काल तुमच्यासाठी हे लिहायला बसण्याआधी मी रजिस्टर काढले आणि तो रकाना भरला. 'साक्षीदाराने छडी घातली नाही.' खाली तपासणाऱ्याच्या जागी माझी सही केली.

शेजारची साक्षीदाराची जागा रिकामी आहे. तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा दोघांपैकी एकाने तिथे सही करावी अशी माझी इच्छा आहे. पण आधी सगळे पान वाचा.